बोटीची फळी आम्ही कशी बदलली

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्या सगळ्याजणींसाठी इथे देत आहोत.)



मला विषय दिलाय 'गटाच्या मालमत्तेची देखभाल'. मी घरून चार मुद्दे लिहून आणले होते. पण पहिल्या रांगेत गोसीखुर्दच्या फुगवट्याकाठच्या आपल्या गटातल्या काकू बसल्यात, आणि त्यांच्यासमोर देखभालीवर मुद्दे वाचायचे म्हणजे मला लाज वाटते. म्हणून मी तुम्हाला त्यांच्या बोटीची गोष्ट सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण झालं आणि पाणी मागे पसरलं, तेव्हा काठावरच्या कित्येक गावांचे रस्ते लांबले. पलीकडच्या काठावर ढिवर बांधव डोंग्यातून जाळी टाकतात. रोहू, कटला, झिंगे निघतात. मासोळी तिकडे आणि बाजार इकडे. रस्त्यानं फेरा घेऊन जायचं तर २४ किलोमीटर. मधल्या माणसानं मासोळी उचलायची आणि आमच्या बायांनी त्याच्याकडून घेऊन टोपलीत विकायची, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. मग गटातल्या अकरा जणींनी ठरवलं की पाण्यावरूनच जायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जलविहारवाल्या एका ठेकेदाराची जुनी अॅल्युमिनियमची बोट घेतली. चौदा फूट लांब, मागे आठ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजीन. थोडं बँकेचं कर्ज, थोडी बचत. सकाळी जायचं, डोंगेवाल्यांकडून थेट वजन करून मासोळी घ्यायची, बर्फाच्या पेटीत भरायची आणि साडेआठच्या आत या काठावर यायचं. मधला माणूस गेला आणि किलोमागे सुटणारा पैसा त्यांच्या हाती राहायला लागला.

बोटीत हिरवी गालिच्यासारखी चटई चिकटवलेली होती. पर्यटकांसाठी केलेली. सगळ्यांना ती आवडायची, मलाही. मी दर महिन्याला भेटीला जायची, चहा घ्यायची, फॉर्म भरायची. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'मालमत्तेची स्थिती'. आठ महिने मी त्यात 'चांगली' असं लिहिलं. एकदाही चटई उचलून पाहिली नाही. खरं सांगायचं तर बोटीत बसूनही पाहिलं नाही. मला पोहता येत नाही, मी काठावरूनच बघायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, पलीकडच्या काठापासून बरंच इकडे आल्यावर, सचिव ताई बर्फाची पेटी सरकवायला उठल्या आणि त्यांचा उजवा पाय पोटरीपर्यंत खाली गेला. चटईसकट. खालचा पत्रा शाबूत होता म्हणून पाणी आत आलं नाही, पण पाय अडकला, तोल गेला आणि बोट एका बाजूला कलली. त्या दिवशी बोटीत चार जणी होत्या आणि जॅकेट दोनच घातलेली होती. बाकीची दोन पेटीखाली बसायला घेतली होती. ताईंच्या पायाला सात टाके पडले. त्या मला फोनवर म्हणाल्या, "पाय गेला नं मॅडम. फळी हाये समजून ठेवला, तं खाली काहीच नाय."

मी त्या रात्री माझे जुने फॉर्म काढून बघितले. आठ वेळा 'चांगली'.

दुसऱ्या दिवशी बोट काठावर ओढली आणि चटई सोलली. सोलली म्हणजे अक्षरशः, कारण खालच्या प्लायचा वरचा पापुद्रा तिच्यासोबत निघून आला. वास असा की पावसाळ्यात बंद राहिलेल्या कोठीचा यावा. अध्यक्ष काकूंनी पेचकस घेतला आणि टोचत गेल्या. जिथे चांगलं लाकूड होतं तिथे पेचकस अडायचा. जिथे सडलं होतं तिथे शिळ्या भाकरीत बोट घालावं तसा आत जायचा. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं तरी कळायचं. चांगल्या जागी टक् असा आवाज, सडक्या जागी भद्द. आम्ही खडूनं खुणा केल्या. निम्म्याहून जास्त फळी गेलेली होती, आणि सगळ्यात जास्त कडेला आणि स्क्रूच्या आजूबाजूला.

असं का, हे मला गावातल्या एका आजोबांनी समजावलं. त्यांनी उभ्या आयुष्यात डोंगे बनवले. ते म्हणाले, डोंगा काम नसलं की आम्ही पाण्यात बुडवून ठेवतो, तो सडत नाही. पूर्ण पाण्यात असलेलं लाकूड टिकतं, पूर्ण कोरडं टिकतं, अर्धं ओलं सडतं. मी नंतर वाचलं, तर बरोबर तेच. लाकूड सडवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते तशी हवाही लागते. आपल्या बोटीत काय झालं, तर मासोळीचं पाणी, बर्फाचं पाणी चटईतून खाली झिरपलं, आणि वर चटई चिकटवलेली म्हणून ते कधी वाळलंच नाही. प्लायची कापलेली कड आणि स्क्रूचं भोक, ही दोन तोंडं उघडी होती. तिथून पाणी आतल्या थरांत शिरत राहिलं. आपण रोज वरून धुऊन चटई स्वच्छ करत होतो आणि तितकंच पाणी तिला पाजत होतो.

मग गटाची बैठक बसली. ती बैठक सोपी नव्हती.

एका काकूंचे दीर म्हणाले, जुन्या फळीवरच नवा प्लाय ठोका, दोन तासांचं काम. ऐकायला बरं वाटतं. पण स्क्रू सडक्या लाकडात धरत नाही, खालची बुरशी खालीच राहते, आणि बोटीचं वजन वाढतं ते वेगळं. एका वर्कशॉपनं बोट नेण्या-आणण्यासकट ४२,००० रुपये सांगितले. कुणी म्हणालं, विकून टाका, बायांचं काम नव्हेच ते. हे म्हणणारी आपल्यातलीच एक होती. तिच्यावर रागावू नका, सचिव ताईंचा पाय तिनं पाहिला होता.

गटाच्या खात्यात अंतर्गत कर्जासाठी ३१,००० रुपये होते. आणि त्यातलेच २०,००० एका ताईंनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मागितले होते, बोटीचं हे सगळं होण्याच्या आधी. आता बोटीला पैसा द्यायचा तर मुलीचा प्रवेश, आणि मुलीला द्यायचा तर बोट काठावर आणि बँकेचा हप्ता तोंडावर. दोन तास त्यावर बोलणं झालं. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, गटातले मतभेद कसे हाताळावे यावर मला चांगले मार्क आहेत, आणि त्या दोन तासांत मला एकही शहाणं वाक्य सुचलं नाही. शेवटी त्या ताईच म्हणाल्या, बोटीला लागेल तेवढं लावा, उरेल त्यातून मला आता द्या आणि बाकीचं जूनमध्ये. त्या खुशीनं म्हणाल्या असं मी सांगणार नाही. पण म्हणाल्या. म्हणूनच प्रत्येक रुपया जपायचा ठरला, आणि काम घरीच करायचं ठरलं.

आता काम कसं झालं ते सांगते. तुमच्यापैकी कुणाकडे बोट असेल, कुणाकडे ट्रॉली, कुणाकडे गाड्यावरचं दुकान. प्लाय सगळीकडेच आहे, म्हणून थोडं तपशिलात सांगते.

उघडताना घाई केली नाही. आधी मोबाइलवर फोटो काढले, बैठकीच्या पाट्या, स्क्रूच्या रांगा, तारा कुठून जातात ते सगळं. स्क्रू अडकलेले होते. अॅल्युमिनियमला दुसरा धातू लागला आणि मधे पाणी आलं की अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते, आणि त्यात स्क्रू घट्ट बसतो. तेल टाकून रात्रभर ठेवले, तरी तिसरा हिस्सा ड्रिलनं डोकं उडवूनच काढावे लागले. आणि एक सांगते, जुनी फळी फेकू नका. कितीही सडकी असली तरी तुकडे जमिनीवर जोडून ठेवा. तोच नव्या फळीचा साचा असतो, ब्लाउज कापताना जुना उसवून ठेवतो तसा. आमच्या एका बाईनं झाडूनं गोळा करून अर्धी फळी चुलीत घातली, मग त्या बाजूचं माप पुठ्ठ्यावर काढताना एक दिवस गेला.

फळीखाली फोम होता. बोटीत पाणी भरलंच तर ती पूर्ण बुडू नये, तरंगत राहावी म्हणून तो भरतात. तो पाणी पिऊन बसला होता. आपल्या बायांकडे मासोळीचा काटा होताच, त्यावर तोलला. सगळा मिळून पन्नास किलोच्या वर भरला. एक तुकडा वेगळा काढून ठेवला, तो ओला ४ किलो होता. दोन आठवडे एप्रिलच्या उन्हात ठेवला तर पाऊण किलो राहिला. म्हणजे रोज एका माणसाच्या वजनाचं पाणी या बोटीतून मोफत प्रवास करत होतं, आणि त्याचं पेट्रोल गट भरत होता. हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी वही काढून दाखवली, पेट्रोल गेल्या वर्षापासून वाढतच गेलं होतं. आम्ही इंजिनाला दोष देत होतो.

फोम काढल्यावर पत्रा दिसला. पांढरी भुकटी लाकडी पट्टीनं खरवडली आणि स्टेनलेसच्या ब्रशनं घासली. साधा लोखंडी ब्रश वापरायचा नाही, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुन्हा झीज सुरू होते. मग गळती बघितली. यासाठी बोट पाण्यात न्यायची नसते, पाणी बोटीत घ्यायचं असतं. खाली टायर आणि वाळूची पोती नीट लावून, आत चार बोटं पाणी भरलं आणि आम्ही सगळ्या खाली वाकून बाहेरून बघत बसलो. जिथे थेंब आला तिथे खडूची खूण. सात ठिकाणी रिबिटातून पाणी येत होतं. आतून हातोडी, बाहेरून लोखंडी ठोकळा धरून ती ठोकली, पाच बंद झाली. उरलेल्या दोनांना पूर्ण वाळल्यावर सीलंट लावलं.

आता प्लाय घ्यायचा प्रश्न. दुकानदारानं एक प्लाय दाखवला, १,८०० रुपयांचा, म्हणाला वॉटरप्रूफ आहे, नेऊन टाका. दुसरा होता ३,२००चा. अकरा जणींच्या अकरा नजरा १,८००वर. मी म्हटलं, दोन्हीचे छोटे तुकडे द्या. ते आणले आणि काकूंच्या अंगणात चुलीवर, जुन्या गंजात उकळायला टाकले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अधूनमधून पाणी वाढवत. स्वस्तवाला दुपारीच फुगला आणि संध्याकाळी खारीच्या बिस्किटासारखे त्याचे थर सुटले. महागवाला तसाच राहिला. मरीन प्लायचा डिंक तपासताना प्रयोगशाळेत तो ७२ तास उकळतात, आपला प्रयोग त्यापुढे लहानच. पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा मोठा.

तुम्ही घ्याल तेव्हा प्लायवर छापलेलं वाचा. आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत 'आयएस ७१०' लिहिलेलं असेल तर तो मरीन प्लाय. 'आयएस ३०३' असेल तर तो घरातल्या कपाटाफर्निचरचा, वाईट नाही, पण बोटीचा नाही. शिक्क्यासोबत 'सीएम/एल' आणि पुढे नंबर असतो. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की खरा की खोटा कळतं. आमच्या सर्वात धाकट्या सूनबाईंनी दुकानात उभं राहून टाकला. दुकानदार मग आमच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागला.

आम्ही १२ मिलिमीटरचे दोन तक्ते घेतले, आठ बाय चारचे. एकेक साधारण २५ किलोचा. सुतारदादा दोन दिवस आले, त्यांनी साच्यावरून कापून दिले.

इथे एक धोका आहे जो आम्हाला आधी माहीत नव्हता. बुरशी आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जे औषध पाजतात, त्यात बऱ्याचदा तांबं असतं. आणि तांबं ओलं होऊन अॅल्युमिनियमला लागलं की पत्रा खातं. म्हणजे लाकूड वाचवायला जावं आणि बोटीला भोक पडावं. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, प्लायला सगळ्या बाजूंनी इपॉक्सी लावली. दोन, बोटीच्या आडव्या पट्ट्यांवर रबराची पट्टी टाकली, म्हणजे लाकूड आणि पत्रा एकमेकांना शिवतच नाहीत. याच कारणानं पितळेचे स्क्रूही नको, पितळेत तांबंच असतं. लोखंडाचे गंजतात. स्टेनलेसचेच घ्यायचे, आणि प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवायचा.

इपॉक्सी म्हणजे दोन डबे, एक राळ आणि एक हार्डनर. दोन ट्यूब मिसळून आपण तुटलेली बरणी चिकटवतो, तसलाच प्रकार. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, अंदाज नाही. हातमोजे घालायचे, उघड्या हवेत बसायचं, आणि वासानं डोकं जड झालं तर उठून बाजूला व्हायचं. मी सगळ्यांना हे वाचून दाखवलं. डब्यावरची शेवटची ओळ मात्र मी वाचली नाही, की एका वेळी थोडंच कालवा. सकाळचे अकरा वाजले होते, एप्रिल, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मी अर्धा किलो एकदम प्लॅस्टिकच्या मगात ओतून ढवळलं. पाच मिनिटांत मग हाताला चटका द्यायला लागला, मग धूर निघाला, मग मग वितळून वाकडा झाला आणि आतलं दगड. दोन्ही डबे मिसळले की उष्णता निघते, आणि जास्त माल एका भांड्यात असला की ती बाहेर पडायला जागा नसते. साधारण चारशे रुपयांचा माल गेला. ते पैसे मी भरले. काकूंनी हिशोबाच्या वहीत 'मॅडमचा मग' अशी नोंद करून ठेवली आहे, अजून आहे, बघायची असेल तर विचारा.

त्यानंतर आम्ही पहाटे पाचला बसायला लागलो, सावलीत, वाटीभर वाटीभर कालवून, पसरट ताटलीत. कडा सगळ्यात जास्त पितात. पहिला हात दिला की दहा मिनिटांत कोरड्या दिसायच्या, पुन्हा द्यायचा. तीन हात दिले, मधे पॉलिश पेपर मारून. स्क्रूची भोकंही आधीच पाडून घेतली, जरा मोठी, ती इपॉक्सीनं भरली, वाळल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडलं. वेळखाऊ आहे. पण जुनी फळी भोकांपासूनच सडली होती, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कुणी कंटाळा केला नाही. शेवटच्या रंगावर ओला असतानाच चाळलेली वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. चटई परत लावली नाही.

फोमच्या जागी काय टाकायचं यावर वाद झाला. साधं पांढरं थर्माकोल स्वस्त, पण ते हळूहळू पाणी धरतं. आम्ही दाट दाण्याची निळी शीट घेतली, घराच्या छतावर उष्णतेसाठी टाकतात ती. तीही पेट्रोलनं विरघळते, म्हणून पेट्रोलचा कॅन आता मागे वेगळ्या ट्रेमध्येच असतो. शीट चिकटवली नाही, कापून पट्ट्यांच्या मधे बसवली, आणि खाली मधोमध पाणी वाहून मागच्या बुचाकडे जाईल अशी वाट मोकळी ठेवली. मागच्या बाजूला फळीत हात जाईल एवढं झाकण केलं. ते उघडून आत ओल आहे का बघता येतं. फोम नकोच, वजन वाचेल, असंही एकीनं सुचवलं होतं. त्यावर सचिव ताईंनी फक्त आपला पाय पुढे केला.

फळी बसवताना ड्रिल कुणी चालवायचं? सुतारदादा दुसऱ्या कामावर गेले होते. चौदा फुटांच्या बोटीत जरा जास्त दाबलं तर भोक थेट तळाच्या पत्र्याला. काकूंनी ड्रिलच्या टोकाला, जिथवर आत जायचं तिथे, लाल टिकली चिकटवली. टिकली लाकडाला टेकली की थांबायचं. ऐंशीच्या आसपास स्क्रू बसवले, एकही पत्र्याला लागला नाही.

खर्च वहीतून वाचते. प्लाय ६,४००. इपॉक्सी ३,२००. निळी शीट २,६००. स्क्रू आणि सीलंट १,९००. रबर, ब्रश, हातमोजे, पॉलिश पेपर १,१५०. सुतारदादा १,६००. ड्रिलचं भाडं ४००. एकूण १७,२५० रुपये. आपल्या बायांची मजुरी यात धरलेली नाही, आणि ती धरायला हवी असं माझं मत आहे. अकरा जणींचे एकोणीस दिवस फुकट नसतात. त्या दिवसांत काहीजणी ऑटोनं २४ किलोमीटरचा फेरा घालून मासोळी आणत होत्या, त्यात नफा जवळजवळ शून्य होता. हे काम स्वस्तात झालं असं कुणी म्हणालं की मला थोडं अवघड वाटतं. पैसे कमी लागले, एवढंच खरं.

त्या ताईंच्या मुलीसाठी १२,००० लगेच दिले आणि ८,००० जूनमध्ये. प्रवेश झाला. मधल्या काळात पाच हजार त्यांनी बाहेरून जास्त व्याजानं उचलले होते, हे मला नंतर कळलं. म्हणून गटानं आता नियम केला आहे, दर फेरीला वीस रुपये बोटीच्या डब्यात, वेगळे. कर्जाच्या पैशात ते मिसळायचे नाहीत. आपण पंचसूत्री पाठ म्हणतो, बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. पण ज्या वस्तूसाठी कर्ज काढलं ती वस्तू रोज थोडी थोडी झिजते, त्या झिजेचा पैसा कुठल्या सूत्रात बसतो हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोट पुन्हा पाण्यात टाकली त्या सकाळी काकू मला म्हणाल्या, "आता बसा जी. नुसतं लिहून नाय जायचं." मी जॅकेट घालून बसले, घट्ट. आता चौघींनी चार जॅकेट घातल्याशिवाय इंजीन सुरू होत नाही. मधल्या पाण्यात पोचल्यावर त्यांनी मला झाकण उघडून आत हात घालायला लावला. कोरडं होतं. एका कोपऱ्यात, त्या दोन रिबिटांपैकी एकाजवळ, थोडी ओल होती. सीलंट पुन्हा लावायचं ठरलं आहे.

माझ्या फॉर्ममध्ये मी 'मालमत्तेची स्थिती'च्या खाली पेनानं दोन रकाने वाढवले आहेत. 'उघडून पाहिलं का' आणि 'कुणी पाहिलं'. या महिन्यापासून मी तुमच्या प्रत्येकीकडे येणार आहे. कुणाकडे पिठाची गिरणी आहे, कुणाकडे शेवयांचं मशीन, दोन गटांकडे डाळमिल आहे. माझ्या पिशवीत पेचकस असेल. चहा नंतर घेऊ, आधी झाकण काढून ठेवा.